आणलेली

साठी उलटेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर बसते तेव्हाही नाही — तेव्हा तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसते. आता तुम्हाला सांगते आहे, ते तुमच्यावर फार विश्वास आहे म्हणून, असंही नाही. थकले आहे, एवढंच. एखादी गोष्ट लपवून ठेवायलाही अंगात जोर लागतो. तो आता राहिला नाही.

फार मोठं काही ऐकायची तयारी करू नका. खून नाही, चोरी नाही. मी एकदा एक वाक्य बोलले. मग काही वर्षांनी एक शब्द बोलले. बास. पण त्या दोन्हींच्या मध्ये आणि नंतर जे झालं — कुठून सुरुवात करू? केसांपासून करते. सगळं केसांपासूनच सुरू झालं.

आम्ही दोघी बहिणी. मी विजया, थोरली. सुमन धाकटी, म्हणजे आमची सुमी. घाटकोपरला भटवाडीतल्या चाळीत वाढलो. बाबा आधी गिरणीत होते, नंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले. गाव मुरूडच्या पलीकडे, खाडीच्या काठावर. त्या सगळ्या पट्ट्याला जुनी माणसं अजून हबसाण म्हणतात. जंजिऱ्याच्या सिद्दींचा, म्हणजे हबशांचा मुलूख तो. लहानपणी त्या नावाचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. आपल्याच मुलखाच्या नावाचा अर्थ कोण विचारत बसतं?

मी दिसायला चारचौघींसारखी. गव्हाळ रंग, सरळ पातळ केस. सुमी वेगळी होती. काळीभोर, तुकतुकीत, कपाळ रुंद, ओठ भरलेले, आणि केस — ते इतके घट्ट वळलेले की फणी घातली तर रुतून बसायची, दात मोडायचे पण केस सुटायचे नाहीत. आज सांगते, ती देखणी होती. तेव्हा हे कुणी म्हणायचं नाही. मी तर नाहीच.

रविवारी आई तिला पुढ्यात घेऊन बसायची. वाटीत कोमट खोबरेल, हातात मोठ्या दातांची लाकडी फणी. एकेक बट सोडवत, तेल जिरवत, काहीबाही गुणगुणत — सकाळ अर्धी त्यातच जायची. सुमी आईच्या मांडीवर मान टाकून झोपून जायची. माझी वेणी? उभ्या उभ्या, शाळेला उशीर होतोय म्हणत. माझ्या केसांना काही लागतच नव्हतं ना. मला त्या केसांची किळस यायची असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगायचे. खोटं. मला हेवा वाटायचा. आईची ती मांडी मला हवी होती.

चिडवायला सुरुवात मीच केली. हबशीण म्हणायचे तिला. चाळीतल्या पोरांनी ते माझ्याकडून उचललं, मग शाळेत गेलं. आणि भांडण विकोपाला गेलं की माझं ठरलेलं — तुला गावच्या बाजारातून आणलीय, सुपलीबरोबर फुकट मिळाली. हे सगळीच भावंडं एकमेकांना म्हणतात, हो ना? तुम्हीही म्हटलं असेल. तोवर माझाही गुन्हा तुमच्याएवढाच होता.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सर्वपित्रीला दुपारी पितरांची पानं वाढून झाली, सगळे जेवले, की संध्याकाळकडे आणखी एक पान वाढलं जायचं. त्याला मागचं पान म्हणायचे. ही रीत बाबांच्या घराण्याची नव्हे. आईची, तिच्या माहेरची. माहेरचीही नाही खरं तर — तिच्या आईकडून आलेली, आणि त्या आईला तिच्या आईकडून. पुरुषांनी त्यात पडायचं नाही. उकडा भात, खोबऱ्याचा तुकडा, मीठ, आणि सर्वपित्री असूनही सुकटीची चिमूट. ते पान घराच्या मागच्या बाजूला ठेवून यायचं, मागे वळून पाहायचं नाही. कुणाच्या नावाने, ते कुणी बोलत नसे. आणि ते न्यायचं घरातल्या एकाच बाईने किंवा मुलीने — जिच्या केसांत फणी रुतते तिने. आईच्या आधी तिची मावशी न्यायची म्हणे. मग बरीच वर्षं तसं कुणी नव्हतंच घरात, तेव्हा आई स्वतःच न्यायची, पण कुणाचं तरी काम उरकून दिल्यासारखी. सुमी चालायला लागली तशी आईने तिच्या हातात पान दिलं. चाळीच्या मागे नाल्याकडची बाजू, तिथे ती एवढीशी पोर पत्रावळ सांभाळत जायची आणि आई जिन्यात उभी राहून पाहायची. मी एकदा म्हटलं, मी नेते. आई म्हणाली, ज्याचं त्याने न्यावं.

मला काय समजलं असेल त्यातून? मला वाटलं, पान बाहेरचं, म्हणून नेणारीही बाहेरची. तसं मी सुमीला सांगितलंसुद्धा — बघ, पितरांच्या पानांना आई तुला हात लावू देत नाही, बाहेरचं पान मात्र तुझ्याकडे. आणलेली आहेस ना तू. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. रडली नाही. हातातला भात नीट केला आणि गेली.

पण मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची माझ्याबद्दल चुकीची समजूत नको. सुमी झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांचं बोट धरून म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात गेले होते. आईच्या कुशीत ते गाठोडं मी स्वतः पाहिलंय, ओले वळलेले केस स्वतः हात लावून पाहिलेत. आईने तिला अंगावर घेतलेलं पाहिलंय. मला कधी, एका क्षणासाठीही, शंका नव्हती.

मग माझं लग्न ठरायला आलं.

मी टेलिफोन खात्यात लागले होते. मुलुंडचं स्थळ आलं — मुलगा बँकेत, स्वतःचा ब्लॉक, सासरा हयात नाही, सासू एकटी. मला तो मुलगा फार आवडला होता, अगदी खुळ्यासारखा. पाहणं झालं, दुसऱ्यांदा सासूबाई एकट्याच आल्या, घर पाहायला म्हणून. सुमीने त्यांना पाणी आणून दिलं. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. वाईट बाई नव्हत्या हो त्या. पुढे माझ्या बाळंतपणात त्यांनी माझे पाय चेपलेत. पण तेव्हा त्या मला गॅलरीत घेऊन गेल्या आणि आवाज बारीक करून विचारलं, "ही धाकटी कुणावर गेली गं तुमच्यात?"

प्रश्न एवढाच. आणि त्या प्रश्नाच्या मागे काय होतं ते मला लगेच कळलं. त्या सुमीबद्दल विचारत नव्हत्या. माझ्या पोटी काय येईल, ते विचारत होत्या.

मी म्हटलं, "ती आमची नाही. लहानपणी गावाहून आणलेली आहे."

किती सहज! अडखळलेसुद्धा नाही. इतकी वर्षं चिडवायला वापरलेलं वाक्य तोंडात तयारच होतं. सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मला वाटलंच. मन मोठं हो तुमच्या आईवडिलांचं." आत आई त्यांच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या डब्यात भरत होती.

तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. दुसरं काही वाटलं असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. लग्नाच्या गडबडीत मी ते विसरलेही. मात्र दिवस गेले तेव्हा आठवलं. केतकी झाली, दाईने तिला माझ्याजवळ आणलं, तेव्हा मी तिचे डोळे नाही पाहिले, बोटं नाही मोजली. टॉवेल सारून आधी केस पाहिले. सरळ होते. मी डोळे मिटून पडून राहिले.

बोललेली गोष्ट कुठे थांबते? सासूबाईंनी ती कौतुकाने कुणाला सांगितली असेल, त्यांनी आणखी कुणाला. फिरत फिरत ती भटवाडीत परत आली. तेव्हा सुमीसाठी स्थळं पाहत होते आणि जमत नव्हतं. रंगावरून अडत होतं, केसांवरून अडत होतं, आणि आता कुळाचाही पत्ता नाही अशी कुजबुज. एक दिवस ती माझ्याकडे मुलुंडला आली. मी मेथी निवडत होते. ती समोर बसली, तिनेही एक जुडी ओढून घेतली. थोडी पानं खुडली आणि खाली मान घालूनच विचारलं, "ताई, मी खरंच आणलेली आहे का गं?"

ती मोठी झाली होती. चिडवणं आणि खरं यातला फरक तिला कळत होता, म्हणून तर माझ्याकडे आली. घरात विश्वासाने विचारावं असं तिला माझ्याशिवाय कोण होतं? मी नाही म्हटलं असतं तर तिने सासूबाईंना, निदान जिच्याकडून ऐकलं त्या बाईला गाठलं असतं, आणि मग कुणी म्हटलं तिथवर गोष्ट आली असती. आतल्या खोलीत सासूबाई होत्या. दार उघडं होतं.

मी हो म्हटलं.

एक शब्द, म्हणाले ना मी तुम्हाला. आणि वर हेही — आईला विचारू नकोस, तिला सहन व्हायचं नाही. ती मान हलवत राहिली. मग तिने ती मेथीची जुडी पूर्ण निवडली, देठं वेगळी केली, कागद गोळा करून टाकला. चहा घेतला. निघताना माझ्या पाया पडली. का पडली? मी आजवर कधी विचारलं नाही.

त्या वर्षी सर्वपित्रीला तिने मागचं पान नेलं नाही. आईला म्हणाली, मी कशी नेणार. आईला वाटलं, मोठी झालीय, लाज वाटते. आईने स्वतः नेलं. पुढच्या वर्षी तेच. आणि मग आरे कॉलनीतल्या डेअरीत कामाला असलेल्या एका माणसाचं स्थळ आलं. पहिली बायको वारलेली, तीन वर्षांचा मुलगा. बाबा नको म्हणाले, आई तर रडली — एवढी काय घाई आहे, आपल्याला जड झालीय का ती? सुमी म्हणाली, मला हेच करायचंय. मला एकटीला तिने खरं कारण सांगितलं होतं. तुम्ही मला एवढं वाढवलंत ताई, आणखी किती दिवस बसून खाऊ. तुम्ही, म्हणाली. आम्ही सगळे.

माणूस चांगला निघाला, मुलगाही तिला जीव लावतो. पण त्यात माझं काही पुण्य नाही.

यानंतर ती आईपासून लांब लांब होत गेली. येणंजाणं होतं, सणाला साडी, डेअरीचं दूध, सगळं रीतसर. मांडीवर डोकं ठेवणं गेलं. आई तेलाची वाटी घेऊन बोलवायची, तर म्हणायची, कशाला तुम्हाला त्रास. आईला ते कळेना. ती मला विचारायची, धाकटीला झालंय तरी काय? मी म्हणायचे, लग्नानंतर होतं असं, संसार आहे तिचा. किती वर्षं म्हणत राहिले मी हे! आणि दर वेळी सहज.

आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने एका दुपारी मला मागच्या पानाचं सांगितलं. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं तसं. फार काही नव्हतं सांगण्यासारखं. कुणी एक बाई होती. गलबतातून आणलेली, समुद्रापलीकडून. बंदरात विकत घेतलेली. गावच्या एका मोठ्या घरात ती राबली, तिला मुलं झाली, आणि ती मेली तेव्हा पितरांत तिला जागा मिळाली नाही. तिच्या लेकीने घराच्या मागे पान ठेवायला सुरुवात केली. आपण तिच्या लेकींच्या लेकी. जिच्यात ती दिसते, तिने पान न्यायचं. आई म्हणाली, सुमीला हे सांग. मी सांगायला गेले तर ती उठून जाते. ती आली की तू सांग.

मी हो म्हटलं. सांगितलं नाही. कसं सांगणार होते? ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

आई गेली त्या दिवशी शेवटचं पाणी द्यायला लेकींना पुढे बोलावलं. मी दिलं. सुमी दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने मान हलवली आणि मागे सरली. आत्या म्हणाल्या, काळीज आहे की दगड. सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला.

इथेच हे मिटलं असतं. मी तशीच मेले असते बहुतेक. पण केतकीला मुलगी झाली.

नातीचं जावळ काढलं आणि नंतर जे केस आले ते — तुम्हाला कळलंच असेल. केतकी अंधेरीला नोकरी करते, हल्लीची मुलगी, तिला काही त्याचं वावगं नव्हतं. उलट कौतुक. तिच्या सासरी मात्र कुणीतरी हसत हसत विचारलं, ही कुणावर गेली? तोच प्रश्न. केतकी मला म्हणाली, "गंमत बघ ना आई, अगदी सुमामावशीसारखे केस. आणि मावशी तर आपली नाहीच." तीही हेच ऐकत मोठी झाली होती ना, माझ्या सासूबाईंकडून.

मग तिने ती हल्ली मिळते ती चाचणी मागवली. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं, तुमचे पूर्वज कुठले ते कळवतात. मी म्हटलं, कशाला हे खूळ. काही आठवड्यांनी ती रविवारी आली, पोरीला माझ्याकडे दिलं आणि सोफ्यावर मांडी घालून सांगायला लागली. आपल्या पेशींत म्हणे एक छोटा भाग असा असतो, जो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काही संबंध नाही. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, असा तो जवळजवळ जसाच्या तसा मागे जातो. "आणि माझा कुठे जातोय माहितीये? पूर्व आफ्रिकेत. म्हणजे हे पप्पांकडून नाही, तुझ्याकडून आलंय ना."

ती बोलत होती आणि मी नातीचे केस कुरवाळत होते. शेकडो वर्षं त्या किनाऱ्यावरून माणसं धरून गलबतांत भरून आणत, म्हणाली. अरब आणत, पुढे पोर्तुगीज आणत. आपल्या कोकणच्या बंदरांत उतरवून विकत. त्यातले काही पुरुष शिपाई झाले, सरदार झाले, जंजिऱ्यावर तर त्यांनी राज्यच केलं, त्यांची नावं इतिहासात आहेत. बायका घरांत गेल्या. पाणी भरायला, दळायला, मालकाची पोरं सांभाळायला, आणि — पुढचं तिने पोरीकडे बघून गाळलं. जगात पुष्कळ ठिकाणी असंच सापडतं म्हणे, जिथे जिथे गुलाम नेले तिथे. आजच्या माणसांच्या रक्तात बापाकडचा धागा मालकाचा निघतो आणि आईकडचा त्या बाईचा. नाव मालकाचं चालतं. ती बाई कुठे लिहिलेली नसते, पण ती लेकींतून खाली येत राहते. कुणाच्यात केसांत दिसते, कुणाच्यात ओठांत, कुणाच्यात दिसतच नाही, तरी असते. मी विचारलं, दोन सख्ख्या बहिणींत वेगळी कशी? ती म्हणाली, पत्ते तेच गं, पिसून वाटले की प्रत्येकीच्या हातात वेगळे येतात.

म्हणजे बघा. ज्या रक्ताला मी गॅलरीत उभं राहून आमचं नाही म्हटलं, ते माझ्यातही तेवढंच होतं. मीच ते केतकीला दिलं. सरळ केसांच्या आड बसून आयुष्यभर मी तेच वाहत आले. आणि त्या बाईला तर खरंच कुणीतरी आणलं होतं. तिलाही कुणी म्हटलं असेल, ही आमची नाही. मग तिचीच लेक असून मी तिच्या दुसऱ्या लेकीला तेच म्हटलं. मला कुणी साखळी बांधली नव्हती. मला फक्त मुलुंडचा ब्लॉक आणि बँकेतला नवरा हवा होता.

केतकी मात्र तिच्या नादात पुढे गेली. "मावशीपण आपल्याच गावची ना? तिचीपण करू चाचणी. तिला निदान तिचं कुणीतरी सापडेल."

म्हणून गेले मी. ऐकताय ना? पश्चात्ताप झाला म्हणून नाही, धैर्य आलं म्हणून नाही. पकडली जाणार होते म्हणून गेले. केतकीला म्हटलं, थांब, आधी मी बोलते तिच्याशी. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिला काही कळलं की नाही, माहीत नाही.

आरेत बस झाडांतून जाते तो रस्ता मला आवडायचा एकेकाळी. त्या दिवशी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. सुमीचं घर गोठ्यांच्या मागे, डेअरीच्या जुन्या क्वार्टर्समध्ये. तिचे यजमान आता रिटायर झालेत, मुलगा तिथेच लागलाय. ती एकटीच होती. केस पांढरे झालेत तिचे, कापून बारीक ठेवलेत. मला पाहून तिला आनंद झाला — हे सांगायला हवं, तिला खरंच आनंद झाला. तिने थालीपीठ लावलं. मी म्हटलं, बस आधी.

मी सगळं सांगितलं. सासूबाई, गॅलरी, मेथीचा दिवस. प्रसूतिगृहात पाहिलेलं गाठोडं. आईने सांगितलेली ती बाई. केतकीची चाचणी. तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं तेव्हा उठून गॅस बंद करून आली आणि पुन्हा बसली. मी वाट पाहत होते. ती ओरडेल, हाकलून देईल, निदान का म्हणून विचारेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, बसमध्ये बसून जुळवली होती.

तिने का विचारलंच नाही. आपल्या तळहातांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी आईचीच."

मी हो म्हटलं.

"आणि तिला माहीत नव्हतं? मला काय वाटतंय ते?"

नाही म्हटलं.

"मग ती मला काय समजून गेली गं, ताई?"

याचं उत्तर मी जुळवलं नव्हतं. पण ते मला माहीत होतं, कारण आई मला सांगून गेली होती. ते मऊ करता आलं असतं. नाही केलं. आई म्हणायची, धाकटीला मी नकोशी झाले, काय चुकलं माझं कुणास ठाऊक. शेवटच्या आठवड्यातही तेच म्हणाली. मी सुमीला ते शब्द तसेच्या तसे सांगितले.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पुढे वाकली, पार गुडघ्यांपर्यंत. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला पोटाशी धरायला आई हवी होती. आणि आईला तिच्यापासून तोडलं ते मी.